जेवणाच्या टेबलावरची गल्ली

त्या घरातलं जेवणाचं टेबल मोठं होतं आणि माणसं चारच, म्हणून भिंतीकडचा अर्धा भाग एका गल्लीला देऊन टाकला होता. गल्ली खरीच, फक्त वीतभर उंचीची. लाकडी फळीवर दोन्ही बाजूंनी घरं उभी होती. चष्म्याच्या जुन्या डब्यांची घरं, वरून माती लिंपलेली, खिडक्यांना फुटक्या भिंगांचे तुकडे. एकही घर सरळ नव्हतं. कोणी पुढे कललेलं, कोणी शेजारच्याच्या खांद्यावर रेललेलं. सगळी गल्लीच दुपारचं जेवून पेंगते आहे असं वाटायचं.

उरलेल्या अर्ध्या टेबलावर चौघं जेवत. कोपरं आत घेऊन जेवायचं आणि गल्लीवरून भांडं न्यायचं नाही, असा नियम होता. शिंक आली तर तोंड खिडकीकडे करायचं, ही भर घरातल्या लेकीची. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी कधी सापडत नसे आणि सापडली तर तिच्या हातात कुठून तरी कुठे तरी न्यायचं काहीतरी असेच.

गल्ली मुंगीच्या आईची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं घासून चौकटीत बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकाकानाप्रमाणे चौकट जराशी वाकवून द्यायची, हे तिचं काम. दोन्ही कान एका उंचीवर असलेला माणूस आपण अजून पाहिलेला नाही, असं ती म्हणे. रविवारी सकाळी ती त्या भागातल्या वाचनालयात मुलांना मातीकाम शिकवी. मुलं तिला चष्मामावशी म्हणत, आणि मुलांचं ऐकून मोठेही तेच म्हणू लागले होते.

टेबलावरच्या गल्लीतून एक मातीचा म्हातारा चालत होता. पाठीत वाकलेला, हातात पिशवी, नाकावर तारेचा इवलासा चष्मा. तो घरी निघाला होता, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचा पाय केसभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की म्हातारा चालायला लागतो. मुंगीला हे पटेना, तेव्हा आईने एका जाड वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बेडूक काढला होता, मागच्या बेडकापेक्षा थोडा वर. पानं अंगठ्याने फडफडवली आणि बेडकाने उडी मारली. मुंगी ती वही दोन दिवस उशाला घेऊन झोपली.

मुंगीचे बाबा बस चालवत आणि पहाटेच बाहेर पडत. मुंगी शाळेत गेली की दुकान उघडेपर्यंतचा वेळ चष्मामावशीचा. तेवढ्यात म्हातारा दोन पावलं चालला तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

चौथं माणूस म्हणजे चष्मामावशीच्या सासूबाई. त्यांचा जन्म एका इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत गेला होता. चादरी, अभ्रे, पडदे मोजून घ्यायचे, घड्या घालायच्या, रचायचे. नोकरी सुटली तरी हाताला लागलेलं वळण सुटलं नव्हतं. त्यांच्या घरात टॉवेलाची कडा टॉवेलाच्या कडेशी जुळायलाच हवी, आणि जुळली नाही तर त्या टॉवेलाकडे अशा बघायच्या की टॉवेलाने स्वतःहून नीट व्हावं.

अशा सासूबाईंना सून मिळाली ती काहीच शेवटाला न नेणारी. घराच्या माळ्यावर एका बाहीचा स्वेटर होता. डोळे राहिलेलं लाकडी कोकरू होतं. तीन बाजू रंगवून सोडलेली पेटी होती. काहीतरी काढायला माळ्यावर चढलं की सासूबाई खालूनच म्हणायच्या, एक ना धड, भाराभर चिंध्या. अगं, मरायच्या आधी तुझ्या तोंडून एकदा "झालं" ऐकू दे.

सून हसून सोडून देई, पण ते लागायचं. कारण ती आळशी नव्हती. तिचा वेळ लोकांकडे जायचा. वाचनालयात वर्षातून एकदा सगळ्या भागाची संध्याकाळ भरायची. कोणी गायचं, कोणी नक्कल करायचं, कोणी स्वतः केलेल्या वस्तू मांडायचं. त्या संध्याकाळचा पडदा रंगवायला चष्मामावशी, मुलांचे मुखवटे करायला चष्मामावशी, कोणाच्या विमानाचा पंख ऐनवेळी निखळला तर गोंद घेऊन धावायला चष्मामावशी. ग्रंथपाल दारात येऊन म्हणायचे, तुम्ही नाही म्हणालात तर मी कोणाकडे जायचं? तिला नाही म्हणता यायचं नाही आणि लोकांना हो ऐकायची सवय लागली होती. सगळ्यांचं मांडून झालं की टाळ्या वाजवायला तीच पुढे. तिचं स्वतःचं काही त्या टेबलांवर कधी आलं नव्हतं.

या वर्षी तयारीच्या बैठकीत ग्रंथपाल खडू घेऊन फळ्यावर नावं लिहीत होते. कोण काय करणार, असं विचारत ते तिच्यापाशी आले आणि न विचारताच "पडदा" लिहायला लागले. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "या वर्षी माझा सिनेमा आहे."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगून टाकलं. हा पुरा झाला तर झाला. नाही झाला तर माळा रिकामा करायचा, सगळं भंगारवाल्याला द्यायचं. मग रविवारी मुलांना शिकवीन आणि त्यातच आनंद मानीन, स्वतःचं काही करायच्या भानगडीत पुन्हा पडायची नाही. नवरा आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हातातला पेला खाली ठेवला.

सासूबाईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. दोन दिवसांनी ग्रंथपाल मुखवट्यांचं विचारायला आले, तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं. सून कामात आहे, म्हणाल्या. मुखवटे यंदा तुम्ही करा, चेहरा बरा आहे तुमचा, नमुन्याला उपयोगी पडेल. ग्रंथपाल जिन्यावरून हसत उतरले आणि पुन्हा आले नाहीत.

सून आपली म्हाताऱ्याला चालवत राहिली. फोनमध्ये जागा उरली नाही की ती फोटो वाचनालयाच्या संगणकावर ठेवून यायची. शेवटी ते सगळे जोडून द्यायचं काम ग्रंथपालांनी अंगावर घेतलं होतं. रोज ती तेवढा कालचा शेवटचा फोटो बघायची, म्हाताऱ्याचा पाय जुळवायची आणि पुढे जायची. अख्खा सिनेमा मधेच बघायचा नाही असं तिने ठरवलं होतं. एकदा बघितलं की दोष दिसतात, दोष दिसले की हात थांबतो, आणि हात थांबला की वस्तू माळ्यावर जाते. हा तिचा अनुभव होता. एका गोष्टीचं मात्र तिला नवल वाटे. ओलसर मातीवर धूळ चटकन बसते, पण एवढ्या महिन्यांत तिच्या गल्लीवर धुळीचा कण नव्हता. खिडकी भिंतीच्या त्या बाजूला नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं.

म्हातारा गल्लीच्या टोकाला पोचला. आता तो स्वतःच्या घरी जातो, तेवढंच काढायचं राहिलं होतं. संध्याकाळ तीन आठवड्यांवर आली होती. रविवारचा वर्ग सुटल्यावर ग्रंथपालांनी पडदे ओढले आणि जोडलेला सिनेमा भिंतीवर लावला. दोघंच बघत होते.

म्हातारा सुरेख चालला. पिशवी हलत होती, चष्मा चमकत होता. ग्रंथपाल वा म्हणाले. तीही खूश होऊन बघत होती, आणि एकदम म्हाताऱ्यामागचं घर दचकलं.

तिने मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितलं. घर खरंच दचकत होतं. थोडं चालून झालं की एक झटका, आणि घर मघापेक्षा सरळ. मग दुसरं घर. मग समोरचं. म्हातारा वाकून चालत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पेंगुळलेली गल्ली उचक्या देत देत ताठ होत होती. शेवटी म्हातारा टोकाला पोचला तेव्हा सगळी घरं कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत होती.

ग्रंथपाल म्हणाले, कोणाच्या लक्षात येणार नाही. ते भल्यापोटी म्हणत होते, हे तिला कळत होतं. ती घरी आली. माती वाळून घरं उचलली गेली असतील, टेबलाला धक्का लागत असेल, असं काय काय मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आंघोळ उरकून बाहेर आली, आणि केसांचं पाणी तसंच ठेवून दारात थांबली. सासूबाई टेबलापाशी उभ्या होत्या. हातात जुन्या मलमलीचं फडकं. एकेका छपरावरून त्या ते हळुवार फिरवत होत्या, तान्ह्या बाळाचं डोकं पुसावं तसं. छप्पर पुसून झालं की अंगठा आणि बोट भिंतीला लावून घर जरा सरळ करत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"धूळ पुसतेय. रोज पुसते. तुला काय वाटलं, धूळ तुझ्या गल्लीला लाजते?"

"आणि घरं?"

"जागची एक हलवली नाही. पडायला आलंय असं वाटलं ते जरासं सावरलं. ते हातासरशी होतं बाई, मुद्दाम नाही करत."

सून हळू म्हणाली, "ती मुद्दाम वाकडी होती, आई."

ती एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. कपाटातून एक जुनी चादर काढली, गल्लीवर घातली आणि दुकानात निघून गेली.

घरात भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला शेवट असतो. इथे चार माणसं अर्ध्या टेबलावर कोपरं आत घेऊन जेवत होती आणि उरलेल्या अर्ध्यावर चादर होती. बाबा म्हणाले, पुन्हा काढता येईल की. मुंगीची आई म्हणाली, कित्येक महिन्यांचं तीन आठवड्यांत कसं काढू? सासूबाई मान वर करत नव्हत्या. चादर एका बाजूला जास्त लोंबत होती आणि त्यांनी ती ओढून नीट केली नाही. मुंगीने हे पाहिलं आणि तिला भीती वाटली. आजी आजारी पडली की काय, असं तिने बाबांना कानात विचारलं.

चष्मामावशीने ग्रंथपालांना निरोप पाठवला की फळ्यावरचं माझं नाव पुसा. ग्रंथपालांनी उलट निरोप पाठवला की फडकं सापडत नाही, सापडलं की पुसतो. तिला त्यावर हसू आलं नाही.

रविवार आला. पोरं मातीचे हात धुवून ओळीने येऊन बसली. मागच्या वेळी मावशीने कबूल केलं होतं, सिनेमा झाला की सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवीन. मोठ्यांना दिलेला शब्द एक वेळ फिरवता येतो. मुलांना दिलेला फिरवला की ती विसरत नाहीत, नुसती पुढच्या वेळी कमी विश्वास ठेवतात. तिने त्यांना खरं ते सांगितलं. सिनेमा बिघडलाय. तरी दाखवते. वस्तू कशी बिघडते हेही शिकण्यासारखंच असतं.

पडदे ओढले. म्हातारा चालायला लागला. पहिलं घर दचकलं आणि एक पोरगं फिसकन हसलं. दुसऱ्या घराला तीन-चार हसली. मग प्रत्येक घराच्या उचकीला वर्ग खिदळायला लागला. घर हलायच्या आधीच मुलं श्वास धरायची, आता त्याचा नंबर, आता त्या निळ्याचा. संपल्यावर सगळी एका सुरात म्हणाली, परत.

परत लावलं. या वेळी समोरचे दोन दात पडलेली एक लहानगी हसत नव्हती. ती बाकावरून थोडी उठली, बसली, पुन्हा थोडी उठली.

"आम्ही पण असंच करतो," ती म्हणाली. "बाई वर्गात आल्या की. पुढचे पटकन उभे राहतात. मागचे झोपलेले असतात ना, ते हळूहळू."

"म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे घरं उभी राहतायत. आजोबा आले म्हणून." आणि मग जरा विचार करून म्हणाली, "पण सगळी सरळ झाली तरी आजोबा का नाही झाले?"

चष्मामावशी खुर्चीवरून उठली आणि भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. तिने तिसऱ्यांदा सिनेमा लावायला सांगितला. या वेळी तिने म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही. इतके महिने ती एका थकलेल्या माणसाची गोष्ट सांगत होती, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका हाताने, रोज सकाळी, त्याच टेबलावर तिच्याहून चांगली गोष्ट सांगितली होती. घरं पेंगत होती. एक साधा म्हातारा पिशवी घेऊन त्यांच्यामधून गेला आणि ती एकामागून एक उठून उभी राहिली. हा सिनेमा बिघडलेला नव्हता. याचा शेवट तेवढा राहिला होता, आणि तो काय असायला हवा ते दात पडलेल्या पोरीने आत्ताच विचारलं होतं.

ती घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तिने टेबलावरची चादर ओढून काढली. गल्लीवर धूळ बसली होती.

"आई, फडकं आणा," ती म्हणाली.

सासूबाईंनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, मी त्याला हात लावायची नाही, झालं तेवढं पुरे झालं. सुनेने त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि वर्गात काय झालं ते सांगितलं. कोण हसलं, कोण उठलं, काय विचारलं. तुम्ही केलंत ते आता पुरं करायचंय, आणि माझ्या एकटीच्या हातून ते व्हायचं नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं की ती आपली समजूत काढण्यासाठी तर असं म्हणत नाही ना. मग त्या उठल्या आणि त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर जमिनीवर पडलेली चादर उचलून कडेला कडा जुळवून घडी घातली. मुंगीचा जीव भांड्यात पडला.

पुढचे दोन आठवडे त्या घराला घर म्हणायचं की कारखाना, हे सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याचं घर गल्लीच्या टोकाला, त्यामागे पुस्तकांची चवड रचून केलेली टेकडी, आणि टेकडीवर वर्गातल्या मुलांनी केलेली घरं. मुलांना वाकडं घर करा असं सांगावं लागलं नाही. शाळा सुटली की मुलं पाळीपाळीने येत, टेबलाभोवती गुडघ्यांवर बसत. ज्याने त्याने आपापलं घर सांभाळायचं. मावशीने "आता" म्हटलं की केसभर हलवायचं आणि हात मागे घ्यायचा. मुंगी बटण दाबायची. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी दुपारची सुट्टी दिली. डबे माझ्याच दुकानातले, म्हणाले, तेव्हा मीही कलावंतच. बाबा कामावरून आले की दिवा धरायला उभे राहत आणि उभ्याउभ्याच जेवत, कारण टेबलावर आता त्यांच्या ताटापुरतीही जागा नव्हती.

सगळ्यांत मोठं काम सासूबाईंकडे होतं. म्हाताऱ्याची पाठ त्यांनी सरळ करायची होती. आणि सगळ्यांत जास्त चुकाही त्यांच्याच झाल्या. आधी सरावाला म्हणून त्यांना एक घर दिलं. सुनेने "आता" म्हटलं, सासूबाईंनी बोट लावलं आणि घर एका दमात ओळंब्यात उभं राहिलं. मुलं ओरडली, आजी, केसभर.

"केसभर म्हणजे किती?" सासूबाई म्हणाल्या. "माझे केस उरलेत किती, त्यावरून काय कळणार मला."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. वाकडी वस्तू हातात आली आणि ती तशीच थोडी वाकडी ठेवून हात काढून घ्यायचा, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्यांची बोटं आपसूक पुढे जात होती.

सून म्हणाली, "आई, अर्धवट सोडा."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हे तू मला शिकवतेस?"

बाबांच्या हातातला दिवा हसण्याने हलला आणि तो फोटो फुकट गेला. सासूबाई स्वतःही हसल्या, बऱ्याच दिवसांनी. मग सुनेने त्यांचं बोट आपल्या बोटांत धरलं, चौकट वाकवताना दुकानात नव्या कारागिराचं धरायची तसं. ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं. माती हलली असं वाटलं की थांबायचं, हलली का ते बघायचं नाही. आज पुरं होत नाही म्हणून ते बिघडलं असं नसतं, उद्या तिथूनच पुढे जायचं असतं. हे बोलताना तिचं तिलाच नवल वाटलं. माळ्यावरच्या वस्तूंबद्दल तिने स्वतःशी असं कधी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना जमलं. मग त्यांना कोणी थांबवू शकलं नाही. मातीच्या म्हाताऱ्याच्या पाठीला त्या बोट टेकवायच्या, हात मागे घ्यायच्या आणि मुंगीलाच दटावायच्या, बटण दाब गं, माझं झालंय.

शेवटच्या दिवशी मुलांनी मातीची अक्षरं करून आणली. "समाप्त" नको, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. त्याने परीक्षा संपल्यासारखं वाटतं. त्यांनी "झालं" केलं होतं. अक्षरं गल्लीत उभी केली. "झा" नीट होता, "लं" डावीकडे झुकला होता. मावशी म्हणाली, राहू दे, छान आहे. अक्षरं जरा वेळ दिसावीत म्हणून मुंगीने बटण दाबून धरलं आणि फोटोमागून फोटो निघत राहिले. आणि नेमक्या त्याच क्षणी, चूक व्हायची ती झाली. काय झालं ते लोकांनी वाचनालयातल्या संध्याकाळीच पाहिलं.

ती संध्याकाळ आली तेव्हा वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदा ग्रंथपालांनी स्वतः रंगवला होता आणि त्यावरचं झाड कोबीसारखं दिसत होतं, तरी कोणी काही बोललं नाही. मुलं सगळ्यांत पुढे जमिनीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, उशिरा आलेली मागे भिंतीशी. सासूबाईंना गुडघ्यांमुळे कडेची खुर्ची दिली होती. चष्मामावशी दाराजवळ उभी होती, काही बिनसलंच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून.

म्हातारा चालायला लागला. पहिल्या घराला उचकी लागली आणि हसू आलं. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत हसू वेगळं झालं. लोक पुढे सरकून बसले. मग म्हातारा आपल्या घरापाशी पोचला. त्याने वळून मागे पाहिलं. सगळी गल्ली त्याच्यासाठी उभी होती. टेकडीवरची घरं एकेक करून उठायला लागली, आणि पुढे बसलेल्या मुलांनी आपापलं घर ओळखलं. दात पडलेली लहानगी आधी उठली. तिचं घर उठलं म्हणून तीही उठली. तिच्यामागून दुसरा उठला, मग तिसरी, मग मुलांची अख्खी रांग उभी.

मागचे म्हणाले, बसा रे, दिसत नाही. कोणी बसेना. तेव्हा दिसावं म्हणून खुर्च्यांवरचे उठले. ते उठले म्हणून त्यांच्या मागचे उठले. भिंतीवर मातीचा म्हातारा पिशवी खाली ठेवत होता आणि त्याची पाठ केसाकेसाने सरळ होत होती, आणि खाली सगळं वाचनालय, एका ओळीमागून एक ओळ, उभं राहत होतं. सासूबाईंना आता समोर माणसांच्या पाठीच दिसत होत्या. त्यांनी खुर्चीच्या हाताला धरलं, गुडघे चाचपले आणि त्याही उठल्या. सगळ्यांत शेवटी आणि सावकाश.

म्हातारा ताठ उभा राहिला. त्याने चष्मा नीट केला आणि घरात गेला.

मग रिकाम्या गल्लीत "झालं" आलं. "लं" डावीकडे झुकलेला होता. एक क्षण ते तसंच राहिलं, आणि चित्राच्या एका कडेने एक हात आत आला. सुरकुतलेला, खराखुरा, घरांपेक्षा कितीतरी मोठा. त्याने अंगठ्याने आणि बोटाने "लं" धरला, सरळ केला, आणि जवळचं छप्पर जाता जाता फडक्याने पुसून निघून गेला.

वाचनालयात असं हसू त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. माणसं हसता हसता टाळ्या वाजवत होती. कोणाचा हात आहे ते कोणी सांगायची गरज नव्हती, कारण कडेच्या खुर्चीपाशी सासूबाई पदराने तोंड झाकून उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या की मला राहवलंच नाही. सुनेने ते फोटो काढून टाकायचे नाहीत असं तिथल्या तिथे ठरवलं होतं आणि त्यांना सांगितलंही नव्हतं.

ग्रंथपालांनी चष्मामावशीला पुढे बोलावलं. दरवर्षी ती टाळ्या वाजवायला पुढे जायची; या वर्षी वाजत होत्या त्या तिच्यासाठी. ती एकटी गेली नाही. वाटेत तिने सासूबाईंचा हात धरला, आणि मुलं न बोलावता आलीच. दोन शब्द बोला, असं लोक म्हणाले. ती बोलायला उभी राहिली. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"झालं, आई," ती म्हणाली.

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी अख्ख्या टेबलावर जेवण झालं. गल्ली वाचनालयाने ठेवून घेतली होती, मुलांना बघायला. म्हातारा तेवढा घरी आणला होता. मुंगीने त्याला मधोमध उभं केलं होतं आणि सगळे त्याच्याभोवतीने भांडी फिरवत होते. बाबा कोपरं पसरून जेवले, आणि एवढी जागा असली की घास कुठे न्यायचा तेच कळत नाही, अशी त्यांनी तक्रार केली.

जेवण झाल्यावर सून स्टूल घेऊन माळ्यावर चढली. सासूबाई सवयीने खाली येऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. वरून एका बाहीचा स्वेटर खाली आला. त्यांनी तो झेलला. बाही पसरून बघितली, टाके तपासले, झटकून धूळ उडवली. घडी घालायला घेतली, आणि मग न घालताच तो टेबलाच्या भिंतीकडच्या रिकाम्या अर्ध्यावर ठेवून दिला, सुया लावलेली बाजू वर करून.